ठाण्याहून बर्फात जाताना: तयारी कुठल्या क्रमाने करायची आणि माणसं नेमकी कुठे चुकतात

नोव्हेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हमखास मेसेज पडतो, "मनालीला चाललोय, जॅकेट कुठलं घेऊ?" अहो, जॅकेट या सगळ्यात चौथ्या नंबरवर येतं, आणि आधीच्या तीन गोष्टी कुणी विचारतच नाही. मग जाऊन आले की तेच लोक सांगतात की थंडी फार होती, मुलगा आजारी पडला, बर्फ दिसलाच नाही किंवा इतका दिसला की गाडीतच रात्र काढली. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. उदाहरण मनालीचं घेतलंय कारण आपल्याकडचे बरेच जण पहिल्यांदा तिथेच जातात, पण गुलमर्ग, औली, कुफ्री कुठेही जा, क्रम हाच.

टप्पा १: आधी उंची बघा, मग तारीख

आपण राहतो समुद्राच्या काठाला. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. मनाली गावच साधारण २,०५० मीटरवर आहे, सोलंग २,५०० च्या आसपास, अटल टनेल ३,१०० च्या आसपास आणि रोहतांगची खिंड ३,९७८. ढोबळ हिशोब असा की हजार मीटर वर गेलं की सहा-साडेसहा डिग्री तापमान उतरतं. म्हणजे मोबाइलवर मनालीचं ७ डिग्री दिसत असेल तर टनेलच्या तोंडाशी शून्याच्या आसपास धरा, आणि वर वारा. शून्य डिग्रीला ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर अंगाला उणे सहा लागतं. लोक मनालीच्या बाजारातल्या मॉल रोडचं तापमान बघून कपडे घालतात आणि टनेलपलीकडे सिस्सू गावाला जाऊन काकडतात, पहिली चूक ही.

दुसरी चूक तारखेची. हिमालयात हिवाळ्यात बर्फ पडतो तो पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, म्हणजे वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, आणि तो आपल्या शाळेची नाताळची सुट्टी बघून येत नाही. डिसेंबरच्या शेवटी कधी खूप पडतो, कधी गावात चिमूटभर पण नसतो. गर्दी मात्र शंभर टक्के असते. बर्फच हवा असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी बरा, मुलांची शाळा दोन दिवस बुडली तर बुडली.

तिसरी, आणि ही फार जण करतात, जानेवारीच्या पॅकेजमध्ये "रोहतांग" लिहिलेलं बघून खूश व्हायचं. हिवाळ्यात रोहतांग बंद असतो. त्या दिवसांत जायचं ते सोलंगला, आणि रस्ता चालू असेल तर ९.०२ किलोमीटरचा अटल टनेल पार करून पलीकडे सिस्सू, कोकसरकडे. तिकडच्या पंचायती जानेवारी-फेब्रुवारीत देवकार्यासाठी काही दिवस पर्यटन बंद ठेवतात असंही होतं, तेव्हा बुकिंग करताना हॉटेलवाल्याला हे स्पष्ट विचारा.

तपासा: परतीच्या फ्लाइटच्या आधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवलाय का? चंदीगड ते मनाली अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास आहे पण बर्फात ते अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच नाही. सकाळी मनाली सोडून संध्याकाळची फ्लाइट पकडू हा प्लॅन करू नका.

टप्पा २: हॉटेलला फोन, आणि प्रश्न नीट विचारणं

"रूममध्ये हीटर आहे ना?" या प्रश्नाला जगातलं कुठलंही हॉटेल "हो जी" म्हणतं. मी एकदा तेवढ्यावर विश्वास ठेवला. रूम व्हॅली व्ह्यूवाली, तिन्ही बाजूंनी काचा, फोटोत एकदम झकास. हीटर होता, छोटा कॉइलचा, आणि लाइट गेली की तोही बंद कारण जनरेटरवर फक्त दिवे. पहाटे उठलो तर आईने डोक्याला लावायला आणलेली खोबरेल तेलाची बाटली दगड झालेली. खोबरेल तसं २४ डिग्रीलाच गोठतं त्यामुळे त्यात काही विशेष नाही म्हणा, पण काचेवर आतून बर्फाची नक्षी धरली होती ते विशेष होतं.

तर विचारायचं ते असं: हीटर ऑइलचा की कॉइलचा, दिवसाचे वेगळे पैसे किती, लाइट गेली तर जनरेटरवर हीटर चालतो का, गीझर इलेक्ट्रिक की गॅसचा, गरम पाणी कितीपर्यंत, पलंगावर इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का, आणि बर्फ पडला तर गाडी गेटपर्यंत येते का, नाही तर बॅगा घेऊन किती चढायचं. शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि मग सत्तर वर्षांच्या सासूबाईंना हाताला धरून निसरड्या चढावरून न्यावं लागतं. काचेच्या रूमपेक्षा मधल्या मजल्यावरची, लाकडी भिंतींची, दिवसा ऊन येणारी रूम मागा.

सावधान: कोळशाची शेगडी किंवा अंगीठी बंद खोलीत ठेवून झोपायचं नाही. वेटरने प्रेमाने आणून दिली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गॅस गीझर असेल तर बाथरूमची खिडकी फटभर उघडी, थंडी वाजली तरी.

टप्पा ३: डॉक्टर आणि पाय

घरात बीपी, हार्ट, दमा यातलं काही असेल तर बुकिंगच्या आधी डॉक्टरांना विचारा, नंतर नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं. २,५०० मीटरच्या वर काहींना उंचीचा त्रास होतो, डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं. त्यासाठी एक गोळी असते जी सगळ्यांना कुणीतरी "घेऊन जा रे" म्हणून सांगितलेली असते, ती मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना चालेलच असं नाही.

आणि महिनाभर आधीपासून चाला. ठाण्यात असाल तर येऊरचा चढ आहे, बेलापूरवाल्यांना पारसिक हिल आहे. पाम बीचच्या सपाट रस्त्यावर चालून काही होत नाही, चढ हवा.

टप्पा ४: कपडे. इथे थांबून वाचा

थंडीत माणूस गारठतो ते कपडे ओले झाले म्हणून आणि वारा आत शिरला म्हणून. जाडी कमी पडली हे कारण फार क्वचित असतं. हे एकदा डोक्यात बसलं की खरेदी निम्म्या पैशात होते. आपल्याकडे काय होतं, सात-आठ हजारांचं फुगीर जॅकेट घेतात आणि आत कॉटनची बनियन, त्यावर कॉटनचा शर्ट, खाली जीन्स. बर्फात पंधरा मिनिटं उड्या मारल्या की घाम येतो, बनियन तो शोषून घेते, आणि बसलात की तीच बनियन पाठीला ओल्या फडक्यासारखी चिकटते. मग वरून कितीही महागाचं जॅकेट असू दे, हुडहुडी भरतेच. जीन्सचं तर विचारूच नका, बर्फावर बसलात की वितळलेलं पाणी गुडघ्यापर्यंत चढतं.

थर तीन:

आतला थर, अंगाला चिकटून. पॉलिस्टर किंवा लोकरीचं थर्मल, वर-खाली दोन्ही. याच्या आत बनियन घालायची नाही. बाबांना हे पटत नाही, "बनियनशिवाय कसं" म्हणतात, त्यांना घरीच पटवून न्या. माणशी दोन जोड, एक अंगात, एक कोरडा.

मधला थर, ऊब धरणारा. फ्लीस किंवा साधा लोकरीचा स्वेटर. कपाटात लग्नाच्या वेळचा विणलेला स्वेटर असेल तर तोही चालतो. एका जाड्या ऐवजी दोन पातळ असले तर बरे, गरम झालं की एक काढता येतो.

बाहेरचा थर, वारा आणि पाणी अडवणारा. आणि इथे ठाणेकरांना एक फायदा आहे, तुम्ही पावसाळ्यात ट्रेकला जात असाल तर पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट तुमच्याकडे आधीच आहे, फक्त ते स्वेटरवरून बसेल एवढं ढगळ हवं. स्कूटरवरचा जाड रबरी रेनकोट मात्र दिवसभर घालू नका, आतून घामाने न्हाऊन निघाल, तो बर्फावर अंथरून बसायला न्या.

हातमोजे: लोकरीचे गोड दिसतात, पण बर्फाचा एक गोळा केला की ओले. आत पातळ, वर वॉटरप्रूफ, असे दोन. मुलांचे तर जास्तीचा एक जोड, कारण एक हातमोजा हरवतोच.

मोजे: दोन जाड मोजे घालून पाय बुटात कोंबणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं बधिर होतात, म्हणजे जेवढे मोजे वाढवाल तेवढी थंडी वाढते. एक लोकरीचा मोजा, आत बोटं हलली पाहिजेत. बूट घ्यायला जाताना तोच मोजा घालून जा, संध्याकाळी जा, पाय थोडे सुजलेले असतात.

कानटोपी, मानेला मफलर किंवा बफ (गळ्यात घालायची कापडी नळी), आणि काळा गॉगल. गॉगल फोटोसाठी नाही. ताज्या बर्फावरून अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत उसळतात, डोळे लाल होऊन चुरचुरतात. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या खाली पण लावायचं कारण ऊन खालून येतं. हे वाचून हसू येईल, पण परत आल्यावर नाकाचं साल निघतं तेव्हा आठवतं.

तपासा (घरीच): बेडरूमचा एसी १८ वर टाका आणि सगळ्यांनी सगळे कपडे एकदम घाला. हात वर जातात का, उकिडवं बसता येतं का, चेन हातमोज्यांसकट ओढता येते का, आणि महत्त्वाचं म्हणजे बाथरूमला जायला किती मिनिटं लागतात. आमच्या धाकट्याला सगळं उतरवायला सात मिनिटं लागली होती, त्यावरून कळलं की त्याला एकसंध सूट नको, वर-खाली वेगळं हवं.

टप्पा ५: बॅग भरणं

फ्लाइटला चेक-इनला बहुतेक ठिकाणी माणशी १५ किलो मिळतात, म्हणून सगळ्यात जड बूट आणि जॅकेट अंगावर आणि हातात. उकडतं, ठाणे ते एअरपोर्ट घाम फुटतो, तर जॅकेट हातात ठेवा, घालू नका. थर्मलचा एक जोड हँडबॅगेत, चेक-इनची बॅग उशिरा आली तर उपयोगी. पॉवर बँक हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही.

खायला डिंकाचे लाडू, चिक्की, खाकरा. ड्रायफ्रूट वाशीच्या एपीएमसीतून आणलं तर ठीक, पण अख्खे अक्रोड नको, हातमोजे घालून फोडणार कसे? स्टीलचा थर्मास हवाच. व्हॅसलीन, ओठांना बाम, नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात. आणि ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या जमवून ठेवा, माणशी चार, त्या कशाला ते सातव्या टप्प्यात.

टप्पा ६: पोचलात, आता काहीही करायचं नाही

रात्रभर बसमध्ये वळणं खाऊन सकाळी पोचतात आणि नाश्ता करून लगेच सोलंगला पळतात. नका. पहिला दिवस गावात, हळूहळू चालणं, दर तासाला थोडं गरम पाणी. तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. आणि "थंडीत एक पेग पाहिजेच"वाल्या काकांना सांगा की दारूने कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं, पण आतली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते.

याच संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची टॅक्सी ठरवा, आणि हवामान खात्याचा मनाली आणि टनेलपलीकडचं केलाँग, दोन्हीचा अंदाज बघा. ऑरेंज अलर्ट असेल तर टनेलच्या पलीकडे जायचं नाही, इथे चर्चा नको.

टप्पा ७: बर्फाचा दिवस

सकाळी लवकर निघा, दुपारी तीनच्या आत परत फिरा. ऊन उतरलं की रस्त्यावरचं वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं, काळ्या डांबरावर काळाच दिसणारा पातळ बर्फ, दिसतच नाही. गाड्या तिथेच घसरतात.

बर्फ पडत असेल तर पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगच्या अलीकडे साध्या गाड्या थांबवतात, पुढे फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाड्या. ठाण्याहून स्वतःची गाडी घेऊन गेला असाल तर ती हॉटेलला राहू द्या. घोडबंदरच्या खड्ड्यांतून वीस वर्षं गाडी चालवली याचा इथे काडीचा उपयोग नाही. रात्री पार्क करताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठतो, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

वाटेत भाड्याने सूट आणि गमबूट देणारी दुकानं लागतात. ड्रायव्हर एका ठरावीक दुकानापाशीच गाडी थांबवेल, तुम्ही दोन दुकानं बघा, भाव करा. पण भावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बुटात हात घाला, पार बोटांपर्यंत. काल कुणीतरी घातलेला असतो आणि आतून ओला असतो. कोरडा मागा. मिळालाच नाही तर तुमचा कोरडा मोजा, त्यावर ब्रेडची पिशवी, मग बूट. दोन-तीन तास पाय कोरडे राहतात.

बर्फावर चालायचं कसं? पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणातून आपण चालतो तसं. छोटी पावलं, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. टाच आधी टेकवली की गेलात.

गरम वाटायला लागलं की लगेच चेन उघडा, घाम येईपर्यंत थांबू नका. आणि बसलात की लगेच बंद करा. दिवसभर हाच खेळ.

फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. बाहेर ठेवला की ४० टक्के बॅटरी दाखवत असतानाच बंद पडतो, गरम झाला की परत चालू होतो, बिघडलेला नसतो. गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, आधी कोमट होऊ द्या.

तपासा, दर अर्ध्या तासाने: मुलांची बोटं, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या. मुलं खेळात सांगत नाहीत. कातडी पांढरट, मेणासारखी दिसली आणि स्पर्श कळत नसेल तर लगेच गाडीत किंवा आत. बोटं काखेत धरायची. चोळायची नाहीत, बर्फाने तर अजिबातच नाही, आणि हीटरवर शेकायची नाहीत, बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. कुणी कुडकुडताना जड जिभेने बोलायला लागला, धडपडायला लागला तर ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, गोड गरम प्यायला द्या, आणि डॉक्टर गाठा.

टप्पा ८: रूमवर परत

आधी सगळे ओले कपडे बदलायचे, मग चहा. उलटं केलं की पलंगावर ओल्या मोज्यांत बसून तासभर फोटो बघणं होतं आणि रात्री घसा धरतो. कॅमेरा असेल तर आत शिरण्याआधीच पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत वाफ धरते. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओल शोषून घेतात. हीटरवर मोजे वाळत टाकू नका, आग लागते.

सकाळी नळाला पाणी आलं नाही तर मॅनेजरवर ओरडू नका, पाइप गोठलेत. रात्रीच एक बादली भरून ठेवायची.

टप्पा ९: गाडी अडकली तर

२०२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, सोलंग आणि अटल टनेलच्या मध्ये शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या, तेव्हा हे घडतच नाही असं समजू नका. टॅक्सीतही पाणी, खाणं, एक ब्लँकेट आणि टॉर्च ठेवाच.

अडकलात तर गाडी सोडून अंधारात चालत निघायचं नाही. इंजिन सतत चालू ठेवायचं नाही. मधूनमधून दहा मिनिटं, आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, एक काच बोटभर खाली. सायलेन्सर बुजला की धूर आत येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी बर्फात गाड्या अडकून वीसपेक्षा जास्त माणसं गेली, त्यातली काही अशीच. फोन लागत असेल तर ११२.

टप्पा १०: ठाण्यात परत आल्यावर

हा टप्पा कोणीच करत नाही. आल्या आल्या सगळं सामान माळ्यावर टाकतात, किंचित ओलसर असतानाच, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून. आपली हवा अशी की जुलैत पिशवी उघडाल तेव्हा जॅकेटवर हिरवी बुरशी आणि आत कुबट वास. तेव्हा जानेवारीच्या कोरड्या उन्हात दोन दिवस सगळं उलटं करून वाळवा, फुगीर जॅकेट दाबून न ठेवता हँगरला लावा, कापडी पिशवीत डांबराच्या गोळ्या. बूट खोक्यात न ठेवता मोकळ्या हवेत, आणि मधूनमधून घालून चाला. माझे चांगले ट्रेकिंगचे बूट तीन पावसाळे माळ्यावर बंद राहिले, चौथ्या वर्षी निघायच्या आदल्या रात्री काढले, घातले, आणि हॉलमधून किचनपर्यंत जाईस्तोवर दोन्ही सोलांचा भुगा झाला. मग रात्री साडेनऊला दुकान शोधत फिरलो.